यंत्र आईला, परात मला

आमच्या माळ्यावर सध्या खालील मंडळी मुक्कामाला आहेत. एक विजेवर चालणारा रोटी मेकर (लग्नातला आहेर). एक सँडविच टोस्टर. अंडी उकडायचं, घुमटासारखं झाकण असलेलं एक प्रकरण. दोन ज्यूसर, एक हाताने फिरवायचा आणि एक विजेचा, दोघांनाही "गाळणी कोण धुणार" हा एकच असाध्य रोग. लसूण सोलायची रबरी नळी. शिवाय भाजी चिरायचा एक डबा, ज्याच्या जाळीत अडकलेले कांद्याचे तुकडे काडीने कोरून काढावे लागतात, आणि तेवढ्या वेळात विळीवर पाव किलो कांदा चिरून होतो.

ही सगळी मंडळी घरात आली तेव्हा आमचा वेळ वाचवायला आली होती. दर दिवाळीच्या साफसफाईला ती खाली उतरतात, पुसली जातात, "चालू आहे की अजून!" असं त्यांचं कौतुक होतं, आणि परत वर जातात.

याउलट ओट्यावरचा मिक्सर, प्रेशर कुकर आणि कणीक मळून देणारा फूड प्रोसेसर रोज इमानेइतबारे कामाला असतात. एक दिवस मिक्सर बिघडला तर घरात सुतक. आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. लोकांची कामं आपोआप व्हावीत म्हणून मला पगार मिळतो. त्यामुळे एक यंत्र ओट्यावर टिकतं आणि दुसरं माळ्यावर का जातं, हा प्रश्न मला धंद्याचाच प्रश्न वाटतो.

गेलं वर्षभर मी भाकरी थापायला शिकतोय. त्या निमित्ताने या प्रश्नावर बराच विचार झाला (भाकरी थापताना दुसरं काही करता येत नाही, हात पिठात असल्यामुळे फोनसुद्धा उचलता येत नाही, हा एक मोठाच फायदा आहे :-)). तर जे काही सुचलं ते क्रमाने मांडतो.

* * *

आधी रोटी मेकरचंच घेऊ, कारण त्याच्यावर अन्याय होतोय असं मला बरेच दिवस वाटायचं. यंत्र म्हणून ते अगदी साधं. दोन तापलेल्या चकत्या, मध्ये गोळा ठेवायचा, वरची चकती दाबायची, रोटी तयार. जाहिरातीत ती टम्म फुगते. घरात बहुतेक वेळा तिचा पापड होतो.

याचं कारण कणकेत आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यातल्या प्रथिनांचं ग्लुटेन नावाचं जाळं तयार होतं. हे जाळं रबरासारखं असतं. ताणलं की ताणलं जातं, सोडलं की आकसतं. लाटण्याने आपण हलके हलके, गोल फिरवत, त्याला पसरायला वेळ देत लाटतो. चकतीने एकाच दणक्यात दाबलं की ते हट्टाने आकसतं. शिवाय चकत्या तापलेल्या असल्यामुळे वरचं-खालचं पीठ पसरायच्या आधीच शिजून घट्ट होतं. उपाय काय? कणीक नेहमीपेक्षा सैल भिजवायची, अर्धा तास मुरू द्यायची, गोळा मध्यापासून जरा मागे ठेवायचा, दाबताना जोर नेमका लावायचा आणि नेमक्या क्षणी सोडायचा.

म्हणजे गंमत बघा. ज्याला कणीक कळते त्यालाच हे यंत्र नीट वापरता येतं. आणि ज्याला कणीक कळते त्याला लाटणं पुरतं. ज्याच्यासाठी हे यंत्र विकलं जातं, म्हणजे ज्याला पोळी येत नाही असा माझ्यासारखा गडी, त्याला ते यंत्र पोळी करून देत नाही, आणि करायला शिकवतही नाही. बिघडलं तर काय बिघडलं हेही कळत नाही, कारण जे काही होतं ते झाकणाखाली होतं.

मिक्सरचं तसं नाही. मिक्सर चटणीची चव ठरवत नाही, तो फक्त वाटतो. किती मीठ, किती कूट, जाडसर ठेवायची की मऊ, हे सगळं अजून करणाऱ्याच्या हातात असतं. झाकण उघडून बघा, बोट लावून चाखा, परत फिरवा. मनगटाचे कष्ट त्याने घेतले आणि अक्कल तुमच्याकडे ठेवली.

मुंबईच्या 'सुमीत' मिक्सरची गोष्ट यात फार बोलकी आहे. १९६०च्या दशकात सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरच्या घरचा जर्मन मिक्सर आपल्याकडचं ओलं, चिवट वाटण वाटताना जळला. युरोपातला मिक्सर त्यांच्या पदार्थांसाठी बनलेला. भिजवलेली डाळ आणि ओलं खोबरं त्याच्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही नसणार. माथुरांनी आपल्या वाटणाला पुरून उरेल अशी मोटर आणि पाती घेऊन नवा मिक्सर उभा केला, आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं मध्यमवर्गीय घरांत मिक्सर म्हणजे सुमीत असं समीकरण झालं. ज्याने ते यंत्र केलं त्याला पाट्यावर काय होतं ते ठाऊक होतं. माझ्या मते ओट्यावर टिकण्याचं निम्मं रहस्य इथे आहे. उरलेलं निम्मं वेगळं आहे, आणि ते मला आईने सांगितलं.

* * *

त्याआधी एका लोकप्रिय मताचा समाचार घ्यायला हवा. "पूर्वी सगळं हाताने व्हायचं, म्हणून बायका ठणठणीत असायच्या, जात्यावरच्या पिठाची चवच न्यारी, पाट्यावरच्या वाटणाला तोड नाही" वगैरे वगैरे. सकाळी सकाळी फोनवर येणाऱ्या सुविचारांत हे हमखास असतं. आणि पाठवणारा बहुधा पुरुष असतो, हेही हमखास.

जात्याबद्दल बोलायचं तर ज्या बायकांनी ते ओढलं त्यांचं म्हणणं आपल्याकडे चक्क नोंदलेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यात राहून, गावोगाव फिरणाऱ्या सहकाऱ्यांच्या मदतीने, जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'परी' या संस्थेने त्या टप्प्याटप्प्याने लोकांपुढे आणल्या आहेत. वेळ काढून जरूर ऐका. त्यात माहेर आहे, विठ्ठल आहे, भाऊ आहे, लेकरं आहेत, बाबासाहेब आहेत. आणि पुन्हा पुन्हा येणारं दुःख आहे, कष्ट आहेत, बाईच्या जन्माला आल्याची तक्रार आहे. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेलं असताना, पायली-दोन पायली दळताना सुचलेलं ते गाणं आहे. इतकं मोठं वाङ्मय त्या दगडाभोवती जन्माला आलं हे खरं. आणि गावात पिठाची गिरणी आली तेव्हा त्याच बायकांनी एका दिवसात जातं सोडलं, हेही तितकंच खरं. जात्यासाठी हळहळणारे आपण. त्यांना पहाटेची दोन तास जास्तीची झोप मिळाली.

यंत्रांना विरोध करणारे म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या गांधीजींनीसुद्धा १९२४ साली एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद म्हणून सूट दिली होती. त्यांचं म्हणणं असं की सिंगरने बायकोला शिवणकामात राबताना पाहिलं आणि तिचे कष्ट वाचावेत म्हणून प्रेमापोटी यंत्र केलं. (सिंगरसाहेबांचं खरं चरित्र इतकं सोज्वळ नव्हतं, अनेक बायका आणि दोन डझन मुलं असा त्यांचा पसारा होता. पण ते असो.) मुद्दा महत्त्वाचा. यंत्र कोणाच्या कष्टाकडे बघून केलंय, हा गांधीजींचा निकष होता. ते नुसते यंत्रविरोधी असते तर सुधारलेल्या चरख्यासाठी १९२९ साली एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालंच नसतं.

आता याची दुसरी बाजू. यंत्र आलं म्हणजे कष्ट गेले, असंही होत नाही. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली 'मोर वर्क फॉर मदर' नावाचं पुस्तक लिहिलं. त्याचा सारांश असा की अमेरिकन घरांत एकामागून एक यंत्रं आली, पण गृहिणीचे तास काही त्या प्रमाणात कमी झाले नाहीत. कपडे धुण्याचं यंत्र आलं तसे कपडे जास्त वेळा धुतले जाऊ लागले. शिवाय पूर्वी नवरा आणि मुलं ज्या कामांत हात लावत, लाकडं फोडणं, पाणी आणणं, त्या कामांतून यंत्राने त्यांना मोकळं केलं, आणि उरलेलं सगळं एकटीवर आलं.

आपल्याकडचे आकडेही बघा. २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटं. ९७ ही सरासरीसुद्धा, जे पुरुष मुळात घरकाम करतात त्यांचीच. असे पुरुष शंभरात सव्वीस. २०२४ला हीच पाहणी परत झाली तेव्हा बायकांची मिनिटं २८९ झाली होती. पाच वर्षांत दहा मिनिटं. या पाच वर्षांत किती घरांत मिक्सर, वॉशिंग मशीन, एअर फ्रायर आले असतील त्याचा विचार करा, आणि मग या दहा मिनिटांकडे बघा.

* * *

आता आई.

आई मूळची मंगळवेढ्याजवळची. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. तिथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. लग्न झाल्यावर ती अकरा माणसांच्या घरात आली. सकाळ-संध्याकाळ मिळून चाळीसेक भाकऱ्या. अशी तीस वर्षं. मी एकदा सवयीप्रमाणे हिशेब करून तिला सांगितलं, "आई, तू चार लाख अडतीस हजार भाकऱ्या केल्यास."

ती म्हणाली, "मोजत बसले असते तर एकही झाली नसती."

दोन-तीन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही हातांचे अंगठे आणि मनगटं धरायला लागली. संधिवात. आधी जड पातेली उचलेनात, मग पीठ मळवेना. भाकरीचं पीठ तळहाताच्या टाचेने जोर देऊन रगडावं लागतं, नेमकं तेच जमेना. बायको पोळ्या छान करते, पण तिच्या माहेरी भाकरी फक्त हॉटेलात खायची गोष्ट होती. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी पोळ्या करतात, भाकरीला नाही म्हणतात, आणि का म्हणतात ते मला आता चांगलंच समजतं.

मला वाटत होतं की आई हळहळेल, चार लाख भाकऱ्या केलेले हात थांबले म्हणून तिला वाईट वाटेल. तसं मी तिला बोलूनही दाखवलं. त्यावर ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो. "वाईट कसलं? सुटले मी. तुझं ते भाकरीचं यंत्र तीस वर्षांपूर्वी आलं असतं ना, तर दसऱ्याला सगळ्यात आधी त्याला हळद-कुंकू वाहिलं असतं."

मग थोडं थांबून म्हणाली, "पण खायला भाकरी पाहिजे हं. तव्यावरची."

या दोन वाक्यांत विरोध आहे असं तुम्हाला वाटेल. मला वाटत नाही. तिला भाकरी हवी आहे, राबणं नको आहे. आजवर या दोन गोष्टी तिच्या वाट्याला कधी वेगवेगळ्या आल्याच नाहीत.

ज्वारीची तव्यावरची भाकरी आयती करून देईल असं यंत्र आमच्या घरात नाही. दोन धडधाकट हात मात्र होते. माझे. दिवसभर कीबोर्ड बडवण्यापलीकडे त्यांना विशेष उद्योग नव्हता.

* * *

शिकायला बसलो तेव्हा मी इंजिनिअरासारखाच बसलो. वजनकाटा, मोजपात्र, वही. आई स्टुलावर बसून बघत होती.

"पीठ किती?"

"एका भाकरीचं."

"म्हणजे किती?"

"तुझ्या ओंजळीत मावेल तेवढं. माझ्या नाही, तुझ्या."

"पाणी?"

"ते मागेल तेवढं."

पीठ पाणी मागतं, हे ऐकायला काव्यमय वाटतं. ते काव्य नाही. गव्हासारखं ग्लुटेन ज्वारीत नसतं. त्यामुळे ज्वारीच्या पिठाला धरून ठेवणारं रबरी जाळं मळून मळून तयार होत नाही. म्हणून गरम पाणी घ्यायचं. पाणी साधारण ७० अंशांच्या वर असलं की पिठातला स्टार्च थोडा फुगतो, चिकट होतो, आणि हा चिकटपणाच भाकरीला धरून ठेवतो. पीठ ताजं असेल तर त्याला विरी असते, म्हणजे अंगचा चिकटपणा. ते लवकर एकजीव होतं. पीठ जुनं झालं की विरी जाते, मग कितीही मळा, भाकरी कडेला फाटतेच. दर दळणाला, दर पोत्याला, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पाणी थोडं थोडं वेगळं लागतं. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात पाण्याचे अकरा वेगवेगळे आकडे झाले. अकराही बरोबर होते, ज्या त्या दिवसापुरते.

मग थापणं. परातीत कोरडं पीठ भुरभुरवून गोळा ठेवायचा आणि तळहाताने थापायचा. थापता थापता भाकरी आपोआप फिरली पाहिजे. ती आपोआप फिरत नाही हे उघड आहे, हात प्रत्येक थापेला किंचित तिरका सुटतो म्हणून ती फिरते. पण आईला हे माहीतच नव्हतं! मी विचारलं, "हात तिरका कसा करतेस?" ती म्हणाली, "मी कुठे तिरका करते?" तिला परत थापायला लावलं (दुखत असतानाही तिने चार थापा मारून दाखवल्या), मी फोनवर चित्रण केलं आणि हळू वेगात तिला दाखवलं. ती चक्क आश्चर्याने बघत राहिली. चार लाख भाकऱ्यांनंतर तिला कळलं की आपला हात तिरका सुटतो.

मग तव्यावर टाकणं. कोरडं पीठ लागलेली बाजू वर. त्यावर लगेच पाण्याचा हात फिरवायचा. त्याने वरचं कोरडं पीठ भिजतं आणि पृष्ठभाग शिजून एकसंध होतो. पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला तर तडे जातात, घाई झाली तर तव्याला चिकटते. दुसरी बाजू भाजली की तवा बाजूला करून थेट आचेवर. आतल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. वरचा पापुद्रा कुठे फाटलेला नसेल तर भाकरी फुगते. एक बारीक भोक असेल तरी नाही. म्हणजे भाकरी फुगणं ही मागच्या सगळ्या पायऱ्यांची तपासणी आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या टेस्ट पास झाल्या :-)

"पाणी सुकायच्या आत" म्हणजे कधी? यावर आईचं उत्तर, "चकाकी जायला लागली की." तीन आठवडे मला ती चकाकी दिसत नव्हती. एका दिवशी दिसली. त्यानंतर ती न दिसणं शक्यच नाही. डोळे तेच, तवा तोच.

* * *

हातांना येतं पण तोंडाने सांगता येत नाही, अशा ज्ञानाबद्दल मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ साली 'द टॅसिट डायमेन्शन' नावाचं छोटेखानी पुस्तक लिहिलं. पण मला त्याहून जवळची वाटते ती जपानमधली एक गोष्ट, कारण तिची नायिका आमच्याच धंद्यातली आहे.

१९८०च्या दशकात ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीला घरी पाव बनवायचं यंत्र काढायचं होतं. पीठ, पाणी, यीस्ट टाका, बटण दाबा, सकाळी पाव तयार. पण पाव काही केल्या नीट होईना. वरून करपायचा, आतून कच्चा. त्यांनी यंत्राने मळलेल्या आणि कसबी माणसाने मळलेल्या पिठाचे क्ष-किरण काढून तुलना केली, तरी काही हाती लागलं नाही. तेव्हा इकुको तानाका ही सॉफ्टवेअर विकसक उठली आणि ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शागिर्दी करायला गेली. त्याच्या हाताखाली पीठ मळायला शिकली. बऱ्याच दिवसांनी तिच्या लक्षात आलं की तो पीठ नुसतं ताणत नाही, ताणताना पिळतोही. हे त्याने तिला सांगितलं नव्हतं, आपल्या आईसारखंच. मग यंत्राच्या भांड्याला आतून खास उंचवटे बसवले, म्हणजे पीठ फिरताना तसंच पिळलं जाईल. १९८७ साली ते यंत्र बाजारात आलं आणि धडाक्याने खपलं. इकुजिरो नोनाका यांनी व्यवस्थापनशास्त्रात ही गोष्ट प्रसिद्ध केली.

पुढे सिंगापुरात प्रणोती नगरकर या आपल्या इंजिनिअर मुलीने 'रोटीमॅटिक'वर काम सुरू केलं २००८च्या सुमारास, आणि यंत्र लोकांच्या हाती पडलं २०१६ साली. साध्या फुलक्याने एका इंजिनिअरची आठ वर्षं घेतली! फुलका कमी दर्जाचं काम आहे असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

या दोन गोष्टींतून मला असं दिसतं की "यंत्र की हात" हे भांडणच तोकडं आहे. चांगल्या यंत्राच्या पोटात कोणाच्या तरी हाताचं शिक्षण असतं. ज्या दिवशी हाताने करणारा एकही माणूस उरणार नाही, त्या दिवशी पुढचं चांगलं यंत्र करणाराही उरणार नाही, कारण तानाकाबाई शागिर्दी करायला जाणार कोणाकडे?

आमच्या धंद्यात हा प्रश्न आता रोजचा झालाय. गेल्या दोन-तीन वर्षांत कोड लिहून देणारी साधनं आली. मी वापरतो, मजेत वापरतो. तोच तोच रटाळ कोड लिहून माझी बोटं झिजली आहेत, त्या बाबतीत मी आईच्या जागी आहे. साधनाला हळद-कुंकू वाहायला तयार. पण टीममध्ये नुकतीच लागलेली मुलं आहेत. त्यांनी अजून एकही भाकरी थापलेली नाही. साधन त्यांनाही तोच कोड देतं, पण चकाकी गेली की नाही हे त्यांना दिसत नाही. लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ सालीच 'आयरनीज ऑफ ऑटोमेशन' या लेखात हे सांगून ठेवलंय. यंत्र जितकं जास्त काम करतं तितका माणसाचा सराव जातो, आणि यंत्र अडतं तेव्हा मात्र नेमका कसलेला माणूस लागतो. त्यांच्यापुढे कारखाने होते. रात्री दोन वाजता सर्व्हर बसतो तेव्हा मला तो लेख आठवतो. म्हणून नव्या मुलांना मी काही कामं मुद्दाम हाताने करायला लावतो. ती कुरकुरतात. कुरकुरू देत.

* * *

तर माळा की ओटा, याचं माझ्यापुरतं उत्तर असं. नवीन यंत्र घ्यायच्या आधी मी तीन प्रश्न विचारतो. एक, ते कोणाचं काम कमी करणार, आणि त्या व्यक्तीला विचारलंय का? (ज्यूसर घेताना गाळणी धुणाऱ्या व्यक्तीला विचारलं नव्हतं.) दोन, ते कष्ट घेणार की अक्कलही घेणार? तीन, ते काम घरात आधी कोणाला तरी येतं का? येत असेल तर खुशाल यंत्र आणा. येत नसेल तर आधी एकाने शिका.

यातून एकाच घरात, एकाच भाकरीसाठी, दोन वेगळी उत्तरं निघतात. जिने आयुष्यभर केलं तिला यंत्र हवं. ज्याने कधीच केलं नाही त्याला परात हवी. आपल्याकडे नेमकं उलटं होत आलंय. जो कधी ओट्यापाशी उभा राहिला नाही तो यंत्राचा पारखी, आणि जी राबली तिला हाताच्या चवीचं प्रमाणपत्र.

आणि परात हवी म्हणजे रविवारपुरती नव्हे. सुरुवातीला मी फक्त रविवारी करायचो. सावकाश, गाणी लावून, फोटो काढून. बायको एकदा सहज म्हणाली, "रविवारची भाकरी हा छंद असतो. बुधवारची भाकरी हे काम असतं." वाक्य तिरकं होतं आणि अचूक होतं. आता बुधवारही माझ्याकडे आहे. साडेसातचा कॉल संपवून, डोकं शिणलेलं असताना, सात भाकऱ्या. त्यात गाणी नसतात. पाचव्या भाकरीला पाठ बोलायला लागते. आईने तीस वर्षं हे दिवसातून दोनदा केलं, हे मला हिशेब मांडून चार लाखांत कळलं नव्हतं, ते बुधवारच्या पाचव्या भाकरीला कळतं.

आई ताटावर बसते, भाकरीचा पापुद्रा बोटांनी उचलून बघते, आणि खाते. परवा म्हणाली, "कड जरा जाड राहिलीय." दुखऱ्या हाताने मोडलेला घास मात्र खाली ठेवला नाही.

ता. क. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी: पीठ आठवड्यापेक्षा जुनं नको, पाणी उकळून जरा निवलेलं घ्या, आणि एका वेळी एकाच भाकरीचं मळा. तवा लोखंडी. पहिल्या दहा भाकऱ्यांचे नकाशे होतील. श्रीलंका मला सगळ्यात आधी जमली.